गायकाचे चाहते आणि लेखकाचे वाचक

९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेतील ‘एड सुलिव्हान शो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ‘बीटल्स’ हा ब्रिटिश वाद्यवृंद गायला. सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. सभागृहातील मुली अक्षरशः किंचाळत होत्या. वडीलधाऱ्यांनी त्याला तरुणाईचे खूळ म्हणून मोडीत काढले. परंतु हे खूळ नेमके कशामुळे जडते, हे आज लेखकांनीही समजून घेण्याजोगे आहे.

त्याचे एक उत्तर त्याआधीच मिळाले होते. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी एका निबंधात ‘एकतर्फी जवळिकी’ची संकल्पना मांडली. पडद्यावरील व्यक्ती आपल्याशीच बोलते आहे, असे प्रेक्षकाला वाटते आणि प्रत्यक्ष भेट न होताही स्नेह जुळतो. ही भावना नियमित भेटीतून वाढते. टेलर स्विफ्ट या गायिकेने २०१४ मध्ये नवा अल्बम प्रसिद्ध होण्यापूर्वी निवडक चाहत्यांना घरी बोलावून तो ऐकवला, त्यामागे हीच जाण होती.

दुसरे उत्तर समूहाचे आहे. हेन्री ताजफेल आणि जॉन टर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार ‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर माणूस काही अंशी आपल्या गटात शोधतो. दक्षिण कोरियाच्या ‘बीटीएस’चे चाहते स्वतःला ‘आर्मी’ म्हणवतात ते याचमुळे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चाहत्याला केवळ ऐकायचे नसते, काहीतरी करायचेही असते. स्विफ्टच्या गीतांत आणि चित्रफितींत दडलेले संकेत उलगडण्यात तिचे चाहते रात्री जागवतात. २०२३-२४ च्या तिच्या जगदौऱ्यात एका गाण्यातील उल्लेखावरून चाहत्यांनी मण्यांची मैत्रीची कंकणे स्वतः ओवली आणि अनोळखी माणसांशी त्यांची देवाणघेवाण केली. ‘बीटीएस’ने २०१६ मधील ‘विंग्ज’ या अल्बमसाठी हेर्मान हेसे यांच्या ‘डेमियन’ या १९१९ च्या कादंबरीतून प्रेरणा घेतली, तेव्हा गाण्यांचा अर्थ लावण्यासाठी तरुण चाहते ती कादंबरी वाचू लागले. वाचनाचा कंटाळा असलेली पिढी म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाते, तीच ही पिढी!

लेखकांनी काय घ्यावे?

अमेरिकी कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांचे उदाहरण बोलके आहे. मार्च २०२२ मध्ये त्यांनी कोणाला न सांगता लिहिलेल्या चार कादंबऱ्यांसाठी लोकवर्गणीचे आवाहन केले. १ लाख ८५ हजारांहून अधिक वाचकांनी मिळून ४ कोटी १७ लाख डॉलर दिले. हा चमत्कार एका दिवसात घडला नव्हता. कोणते हस्तलिखित किती टक्के पूर्ण झाले, हे ते वर्षानुवर्षे वाचकांना कळवत आले आहेत. वर्षअखेरीस कामाचा लेखाजोखा मांडतात. त्यांच्या अनेक कादंबऱ्या एकाच कल्पित विश्वात घडतात आणि त्यांतील धागे जुळवणे वाचकांवर सोपवलेले असते. नियमित भेट, आपलेपणाचा गट आणि हाताला काम या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या.

धोकाही तितकाच

मात्र प्रेमाला हक्काची बाजूही असते. आर्थर कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला कथेत मारले, तेव्हा वाचक खवळले. अखेर १९०३ मध्ये डॉयल यांना त्याला जिवंत परत आणावे लागले. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या अधिक मोलाच्या आहेत, असे त्यांना वाटे, पण वाचकांना होम्सच हवा होता. आजचे चाहते तर समीक्षकांवरही तुटून पडतात. शिवाय जवळिकीचे सोंग फार काळ टिकत नाही. ते उघडे पडले की चाहताच कठोर टीकाकार होतो.

म्हणून लेखकाने गायकाचा झगमगाट उचलण्याचे कारण नाही. वाचकाशी प्रामाणिक आणि नियमित संवाद ठेवावा, वाचकांना एकमेकांशी बोलण्याजोगे काही द्यावे आणि लेखनात सारे सांगून न टाकता त्यांच्यासाठी थोडी जागा मोकळी सोडावी. पुढे काय लिहायचे, हा निर्णय मात्र लेखकाने स्वतःकडेच ठेवावा. तो वाचकांच्या हाती गेला, तर ज्या लेखनासाठी वाचक जमले, तेच लेखन संपण्याची भीती आहे.