खेळाडूचा गुडघा

संध्याकाळची वेळ. मैदानावर कबड्डीचा सामना रंगांत आलेला असतो. चढाईस गेलेला तरुण एक गडी टिपून मध्यरेषेकडे वळतो. पाऊल जमिनींत घट्ट रोवलेलें, शरीर मात्र उलट दिशेला फिरलेलें. अंगाला कोणाचा धक्काही लागलेला नसतो. गुडघ्यांत 'खट्' असा आवाज होतो आणि तो खालीं बसतो. पांच-दहा मिनिटांनीं कळ ओसरते. तो उठून चार पावलें टाकतोही. भोवतालचे म्हणतात, 'मुरगळला असेल, होईल बरा.' रात्रीपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजतो. घरांतील वडील माणसें तेल कोमट करावयास ठेवतात, कोणी शेक सुचवितो, कोणी हाडवैद्याचा पत्ता देतो. पंधरा दिवसांनीं सूज उतरते. महिन्याभरानें तरुण पुन्हां मैदानावर जातो, आणि पहिल्याच वळणाला गुडघा आंतून निसटतो.

हा प्रसंग गांवोगांवच्या मैदानांवर घडत असतो. त्यांत बहुतेक वेळां गुडघ्यांतील एक विशिष्ट अस्थिबंध, ज्याला डॉक्टर लिगामेंट म्हणतात तो, फाटलेला असतो. ह्या दुखापतीविषयीं दोन चुका होतात. आरंभीं ती क्षुल्लक मानली जाते, ही पहिली. आणि उपचारानंतर बरें वाटूं लागतांच ती संपली असें समजतात, ही दुसरी. पहिली चूक लवकर ध्यानांत येते. दुसरी फार महाग पडते.

गुडघ्याची रचना पाहिली म्हणजे ह्याचें कारण कळतें. खुब्याच्या सांध्यांत हाडाचा गोळा खोल खोबणींत बसविलेला असतो. गुडघ्याला अशी खोबण नाहीं. मांडीच्या हाडाचीं दोन गोलसर टोकें नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेलीं असतात. पाट्यावर वरवंटा ठेवावा तसा हा प्रकार आहे. हाडें जागच्या जागीं राहतात तीं दोरांच्या बळावर. दोन अस्थिबंध दोन्ही बाजूंना असतात आणि दोन अगदीं आंत, फुलीप्रमाणें एकमेकांना छेदून गेलेले. हाडांच्या मध्यें कूर्चेच्या दोन अर्धचंद्राकृति गाद्या असतात. त्या धक्का सोसतात. आंतल्या फुलीपैकीं पुढचा दोर तीन-चार सेंटिमीटर लांबीचा, करंगळीहूनही बारीक. नडगीचें हाड पुढें सरकूं न देणें आणि वळतांना गुडघ्याला अधिक पीळ पडूं न देणें हीं त्याचीं कामें. सरळ चालतांना त्याच्यावर फारसा भार येत नाहीं, म्हणूनच तो तुटलेला मनुष्य रस्त्यानें व्यवस्थित चालूं शकतो आणि फसतो.

हा दोर तुटण्यास जबर टक्कर लागते असें नाहीं. बहुतेक वेळां खेळाडू एकटाच असतो. वेगानें धांवतां धांवतां एकाएकीं थांबणें, उडीनंतर एका पायावर उतरणें, हुलकावणी देऊन दिशा बदलणें, ह्या क्षणीं गुडघा आंतल्या बाजूला झुकतो आणि दोरावर ताण पडतो. खोखो, फुटबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन अशा खेळांत हे क्षण पदोपदीं येतात. तेच खेळ खेळणाऱ्या मुलींमध्यें ही दुखापत मुलांपेक्षां दुपटीहून अधिक आढळते. शरीराची ठेवण, स्नायूंचें बळ आणि लहानपणापासून मिळालेलें शिक्षण अशीं अनेक कारणें त्यामागें सांगितलीं जातात.

आवाज होणें, कांहीं तासांतच सूज येणें आणि मागाहून गुडघ्याचा भरंवसा न वाटणें, ह्या तीन खुणा एकत्र दिसल्या तर घरगुती उपाय थांबवावे. लवकर आलेली सूज बहुधा सांध्यांत सांठलेल्या रक्ताची असते. तिला शेकल्यानें व चोळल्यानें अपायच होतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत फडक्यांत गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटें लावणें, पट्टी बांधणें व पाय उंच ठेवणें पुरेसें आहे. गुडघा अडकून बसला, सरळच होईना, तर विलंब न करितां अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावें. क्ष-किरणांच्या चित्रांत हाड दिसतें, अस्थिबंध दिसत नाहीं. तें चित्र निर्दोष निघालें म्हणजे गुडघा निर्दोष असें नव्हे. अनुभवी डॉक्टर नडगी हळूच पुढें ओढून पाहतो तेव्हां त्याच्या हातालाच बरेंच कळतें, आणि एम्. आर. आय.नें त्याची खात्री होते.

मग प्रश्न येतो शस्त्रक्रियेचा. तिचा इतिहास सव्वाशें वर्षांहून अधिक जुना आहे. १८९५ सालीं इंग्लंडांतील लीड्स येथें मेयो रॉब्सन ह्यांनीं एका खाणकामगाराच्या गुडघ्यांतील तुटलेले दोर शिवले. १९१७ सालीं ब्रिस्टल येथील हे ग्रोव्ह्ज ह्यांनीं शिवण्याऐवजीं मांडीच्या बाहेरील आवरणाची पट्टी हाडांतील बोगद्यांतून ओवून नवा दोर केला. पुढच्याच वर्षीं टोकियो येथें केन्जी ताकागी ह्यांनीं मृताच्या गुडघ्यांत दुर्बिण घालून पाहिली. आजची शस्त्रक्रिया ह्या दोन कल्पनांचा संगम आहे. लहान छिद्रांतून दुर्बिण घालतात. मांडीच्या मागील स्नायूंची कंडरा, अथवा वाटीच्या वरची किंवा खालची कंडरा घेऊन ती तुटलेल्या दोराच्या जागीं बसवितात.

परंतु दोर तुटला म्हणजे शस्त्रक्रिया झालीच पाहिजे असें नाहीं. स्वीडनमध्यें १२१ तरुण व क्रियाशील रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याला आधीं व्यायाम दिला व गरज वाटल्यास मागाहून शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांची स्थिति सारखीच होती. पांच वर्षांनंतरही दुसऱ्या गटांतील जवळजवळ निम्म्या लोकांना शस्त्रक्रियेची जरूर पडलेली नव्हती. ज्याला वळणें घेण्याचे खेळ सोडावयाचे आहेत, ज्याचा गुडघा व्यायामानें स्थिर होतो, त्यानें थांबून पाहण्यास हरकत नाहीं. ज्याला पुन्हां कबड्डी किंवा फुटबॉल खेळावयाचा आहे, ज्याचा गुडघा वरचेवर निसटतो किंवा ज्याची गादीही फाटली आहे, त्याला बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. मात्र तीही घाईनें नव्हे. सूज उतरून गुडघा सरळ होऊं लागल्यावरच ती करणें हितावह असतें.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस घरच्या माणसांच्या कसोटीचे असतात. आई प्रेमानें गुडघ्याखालीं उशी सरकविते. पायाला बरें वाटतें, पण गुडघा वांकलेल्या स्थितींत आखडूं लागतो. उशी, किंवा गुंडाळलेला टॉवेल, ठेवावयाचा तो घोट्याखालीं. गुडघा पूर्ण सरळ होणें हें पहिलें ध्येय. दुसरें ध्येय मांडीचा पुढील स्नायु जागा करण्याचें. हा स्नायु थोड्याच दिवसांत इतका रोडावतो, कीं दोन्ही मांड्यांतील फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. व्यायामतज्ज्ञ, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, पाय ताठ करून तो स्नायु आंवळण्यास सांगतो. हें काम कंटाळवाणें आहे. दिवसांतून अनेकदां, आणि तेंही महिनोगणती, करावें लागतें. पुढें कुबड्या सुटतात, जागेवरची सायकल सुरू होते, मग वजनें येतात, आणि प्रगति समाधानकारक असेल तर तीन-चार महिन्यांनीं सरळ रेषेंत हलकें धांवणें.

येथेंच सर्वांत मोठा धोका लपलेला आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत गुडघा दुखत नाहीं, सूज नसते, जिना सहज चढतां येतो. संघनायक घरीं येऊन विचारतो, 'पुढच्या महिन्यांत सामने आहेत, येतोस ना?' तरुणाला स्वतःलाही वाटतें कीं आपण बरे झालों. आंतला नवा दोर मात्र अजून कच्चा असतो. आवणी केलेलें भाताचें रोप पहिले कांहीं दिवस पिवळें पडतें आणि मुळें धरल्यावर हिरवें होतें, तसेंच ह्या उपऱ्या कंडरेचें आहे. मूळ जागेवरून काढतांच तिचा रक्तपुरवठा तुटतो. नंतर हळूहळू तींत नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्ती करतात, जुने धागे जाऊन नवे विणले जातात. ह्या स्थित्यंतरांत तिचें बळ आधीं घटतें, मग वाढतें. सारें पुरें होण्यास वर्ष, कधीं त्याहूनही अधिक काळ जातो. ह्या काळांत तिला धड संवेदना नसते, म्हणून धोक्याच्या वेळीं ती दुखून सूचनाही देत नाहीं. दुखत नाहीं म्हणून बरा झाला, हा हिशेब येथें चुकतो तो ह्यामुळें.

किती थांबावें ह्याचें उत्तर अंदाजावर सोडण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील डेलावेअर आणि नॉर्वेतील ऑस्लो येथील संशोधकांनीं १०६ रुग्णांवर दोन वर्षें लक्ष ठेवलें. २०१६ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितकें लांबविलें, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघ्याला पुन्हां इजा होण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यानें घटलें. ठरीव चाचण्यांत उत्तीर्ण न होतां वळणाच्या खेळांकडे परतलेल्यांपैकीं शेंकडा ३८ जणांना पुन्हां दुखापत झाली; उत्तीर्ण होऊन परतलेल्यांत हें प्रमाण शेंकडा सहाहूनही कमी होतें. ह्या दुसऱ्या गटाची संख्या लहान होती हें खरें, पण दिशा स्पष्ट आहे. पंचविशीच्या आंतील खेळाडूंना तर अधिकच जपावें लागतें. त्यांच्यांतील खेळाकडे परतणाऱ्या साधारण चारांतल्या एकाचा तोच दोर किंवा दुसऱ्या पायाचा दोर पुन्हां तुटतो, असें अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणींत दिसून आलें आहे.

ह्या चाचण्या गूढ नाहींत. दुखऱ्या मांडीचें बळ चांगल्या मांडीच्या निदान शेंकडा ९० भरलें पाहिजे. एका पायावर एक लंगडी उडी, लागोपाठ तीन उड्या, रेषेच्या दोन्ही बाजूंना नागमोडी उड्या, आणि सहा मीटर अंतर लंगडत जाण्यास लागणारा वेळ, ह्यांतही तेंच प्रमाण साधावें लागतें. उडीवरून उतरतांना गुडघा आंत झुकतो काय, हेंही पाहतात. एक सावधगिरी मात्र हवी. घरीं बसल्यानें चांगला पायही दुबळा होतो. तेव्हां दुबळ्याशीं तुलना करून दुसरा दुबळा उत्तीर्ण होऊं नये. म्हणून व्यायाम दोन्ही पायांचा करावा.

शरीर तयार झालें तरी मन मागें राहतें, ह्याची दखल पूर्वीं कोणी घेत नसे. पायाला विश्वास देतां न आलेला खेळाडू वळणाच्या क्षणीं कचरतो. २०१४ सालच्या एका विस्तृत पाहणीनुसार शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांपैकीं ८१ जण कोणत्यातरी खेळाकडे परतले, पूर्वींच्या पातळीवर ६५ आणि स्पर्धेच्या मैदानावर अवघे ५५. न परतणाऱ्यांत भीतीनें थांबलेलेही बरेच असतात. संघापासून तुटल्याचें दुःख, अभ्यासाची किंवा नोकरीची ओढाताण, हीं त्यांत भर घालतात. सरावाच्या वेळीं कडेला कां होईना, पण संघाबरोबर बसूं देणें हा ह्यावरचा साधा उपाय आहे.

चिकाटीचें एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें कुस्तीगीर विनेश फोगाट ह्यांचा उजवा गुडघा चीनच्या सुन यानान हिच्याशीं लढतांना जायबंदी झाला आणि त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर न्यावें लागलें. दोन वर्षांनीं जकार्ता येथील आशियाई स्पर्धेंत त्यांनीं त्याच प्रतिस्पर्धी स्त्रीला पहिल्या फेरींत हरविलें आणि पुढें सुवर्णपदक मिळविलें. ऑगस्ट २०२३ मध्यें डाव्या गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध फाटला. मुंबईंत शस्त्रक्रिया झाली. एप्रिल २०२४ मध्यें बिश्केक येथें त्यांनीं पॅरिस ऑलिंपिकमधील जागा मिळविली, आणि ऑगस्टमध्यें तेथें अंतिम फेरी गांठली. वजन शंभर ग्रॅम अधिक भरल्यानें ती कुस्ती मात्र त्यांना खेळतां आली नाहीं. ह्या उदाहरणांतून घ्यावयाची ती जिद्द, वेग नव्हे. दिवसाचा प्रत्येक तास ज्यांचा गुडघ्यासाठीं राखून ठेवलेला असतो, ज्यांच्या शेजारीं तज्ज्ञ सतत उभे असतात, त्यांची घाई महाविद्यालयीन तरुणानें करूं नये.

पुन्हां दुखापत झाली तर ती खेळापुरती राहत नाहीं. दोर एकदां तुटलेल्या गुडघ्याला, शस्त्रक्रिया होवो वा न होवो, उतारवयापूर्वींच झीज लागण्याचा संभव वाढतो. गादी फाटली तर तो आणखी वाढतो. पंचविसाव्या वर्षीं वाचविलेले चार महिने पन्नासाव्या वर्षीं जिना चढतांना परत द्यावे लागतात.

ही दुखापत बऱ्याच अंशीं टाळतांही येते. खेळापूर्वीं पंधरा-वीस मिनिटें धांवणें, उठाबशा, एका पायावर तोल सांभाळणें आणि गुडघे किंचित् वांकवून, न झुकवितां उडीवरून उतरणें, एवढा सराव आठवड्यांतून दोन-तीनदां नियमानें केल्यास अस्थिबंध फाटण्याचें प्रमाण सुमारें निम्म्यानें कमी होतें, असें अनेक देशांतील अभ्यासांचें एकत्रित फल आहे. ह्याला पैसा लागत नाहीं. शिक्षकाची नजर आणि मुलांची शिस्त पुरते. शाळांच्या व व्यायामशाळांच्या मैदानांवर हा सराव अजून फार थोड्या ठिकाणीं दिसतो.

आणि ज्या घरांत असा जखमी खेळाडू आज बसून आहे, त्या घरीं संघनायक विचारावयास आला, तर त्याला चहा द्यावा आणि पुढच्या हंगामाचें आमंत्रण मागून घ्यावें.