खारट-गोड चॉकलेट बिस्किटे घरच्या घरी

गोड पदार्थात मीठ म्हटले की अनेकजण नाक मुरडतात. पण आपल्या आई-आजी पुरणात चिमूटभर मीठ घालतातच. हैदराबादच्या इराणी हॉटेलांत चहाबरोबर मिळणारे उस्मानिया बिस्किट तर आधी गोड आणि मागून खारट लागते. त्याला नाव मिळाले ते शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांचे. त्यांच्या कारकिर्दीत (१९११ ते १९४८) आपले भैंसाही त्यांच्याच राज्यात होते, तेव्हा ही चव आपल्याला परकी नाही.

कोको कडू असतो. मिठामुळे जिभेला कडूपणा कमी जाणवतो व गोडवा पुढे येतो, म्हणून साखर वाढवावी लागत नाही.

साहित्य : बटर १०० ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम, मैदा १२० ग्रॅम, कोको पावडर २० ग्रॅम. बाजारातील पिवळे बटर बहुधा खारवलेले असते, पाकीट वाचून पाहावे. तसे असेल तर पिठात वेगळे मीठ नको. घरचे लोणी घेतल्यास त्यातील पाणी चांगले निथळून घ्यावे. पाणी राहिले की मैद्याला चिकटपणा येतो आणि बिस्किट खुसखुशीत न होता चिवट होते.

बटर व साखर हलके होईपर्यंत फेसावी. मैदा-कोको चाळून घालावा. गोळा जेमतेम जमला की थांबावे, पोळीच्या कणकेसारखे मळू नये. आता सर्वांत महत्त्वाचे. बटर साधारण ३५ अंशांच्या आतच वितळते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो! म्हणून गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा, नाहीतर बिस्किटे पसरून एकमेकांना चिकटतात. मग २० चपटे गोळे करून प्रत्येकावर जाड्या मिठाचे दोन-चार कण दाबावेत.

ओव्हन असल्यास १७० अंशांवर १२ ते १५ मिनिटे पुरतात. नसल्यास जाड बुडाच्या कढईत बोटभर मिठाचा थर पसरून त्यावर स्टँड ठेवावा आणि झाकण लावून १० मिनिटे तापवावी. मंद आचेवर साधारण २० मिनिटे लागतात. कढई फार तापते, हे काम मोठ्यांनीच करावे. कोकोमुळे रंगावरून अंदाज येत नाही, कडा घट्ट झाल्या की उतरवावे. गरम असताना मऊच लागतात, निवल्यावर कडक होतात. मुलांनो, तेवढा धीर धरा.

पालकांसाठी थोडे. जानेवारी २०२२ पासून देशात खाद्यतेल व वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरी घरचे म्हणून हे बिस्किट पौष्टिक ठरत नाही. एका बिस्किटात ५ ग्रॅम बटर व ३ ग्रॅम साखर जाते. डब्यात दोन पुरेत, तीही पोळीभाजी संपल्यावर. हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतात. कढईतले मीठ स्वयंपाकात वापरू नये, पुढच्या खेपेसाठी बाटलीत भरून ठेवावे.