टेलरला शिक्षा झाली. गावच्या तंट्याचे काय?

मार्च २००६ मध्ये नायजेरियाच्या सीमेवर चार्ल्स टेलर पकडला गेला. विमानाने त्याला लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियाला आणले गेले. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांनी त्याला ताब्यात घेतले आणि लगोलग हेलिकॉप्टरने शेजारच्या सिएरा लिओनमध्ये, फ्रीटाउनला नेले. १९८९ मध्ये ज्या लायबेरियात त्याने यादवी पेटवली आणि ज्याचा तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, त्या देशाच्या भूमीवर तो फार थोडा वेळ होता. २०१२ मध्ये त्याला ५० वर्षांची शिक्षा झाली ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांना साथ दिल्याबद्दल. लायबेरियातल्या गुन्ह्यांसाठी त्याच्यावर खटला चाललाच नाही.

युद्धाने मोडलेल्या देशात कायद्याचे राज्य उभारायला परक्यांनी कशी मदत करावी, हे समजून घ्यायचे तर हे दोन शेजारी एकत्र पाहावेत. एकाच्या वाट्याला न्यायालय आले. दुसऱ्याला सैनिक, पोलीस आणि इमारती मिळाल्या. सामान्य माणसाच्या दाराशी न्याय पोचायचे काम मात्र दोन्हीकडे फार उशिरा आणि फार थोड्या पैशांत सुरू झाले.

सिएरा लिओनची यादवी १९९१ ते २००२ चालली. २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष कब्बा यांनी संयुक्त राष्ट्रांना पत्र लिहून न्यायालयासाठी मदत मागितली. त्यातून झालेल्या करारानुसार २००२ मध्ये फ्रीटाउनमध्येच विशेष न्यायालय उभे राहिले. न्यायाधीश काही देशातले, काही बाहेरचे, कायदाही दोन्हीकडचा. आरोपी अवघे १३, कारण फक्त सर्वांत मोठी जबाबदारी असणाऱ्यांवरच खटले भरायचे ठरले होते. त्यांतल्या नऊ जणांना शिक्षा झाली. लहान मुलांना सैनिक बनवण्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयात शिक्षा होण्याची ही पहिलीच वेळ. पळवून आणलेल्या मुलींना बळजबरीने ‘बायको’ करणे हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरला, तोही इथेच. टेलरचा खटला सुरक्षेच्या कारणावरून नेदरलँड्सला हलवावा लागला. पण ज्या बाकीच्यांवर खटले चालले ते आरोपी ज्या शहरात युद्ध झाले तिथेच पिंजऱ्यात उभे राहिले, आणि न्यायालयाचे कर्मचारी गावोगाव जाऊन लोकांना कामकाज समजावत राहिले. या गोष्टीचे मोल मला निकालांइतकेच वाटते.

नेमक्या याच काळात अफगाणिस्तानात उलटा प्रयोग चालू होता. २००२ मध्ये देणगीदार देशांनी कामे वाटून घेतली: सैन्य अमेरिकेकडे, पोलीस जर्मनीकडे, न्यायव्यवस्था इटलीकडे, अमली पदार्थांचा बंदोबस्त ब्रिटनकडे, नि:शस्त्रीकरण जपानकडे. पोलिसाने पकडलेला माणूस शेवटी न्यायाधीशासमोरच जायचा असतो. त्या दोघांना घडवणारे देश वेगळे, पद्धती वेगळ्या आणि पैशांचे हिशेबही वेगळे. ऑगस्ट २०२१ मध्ये ही सगळी व्यवस्था कोसळली, आणि वीस वर्षांत घडलेल्या महिला न्यायाधीशांना जीव वाचवण्यासाठी लपावे किंवा पळावे लागले.

आता दुसऱ्या शेजाऱ्याकडे वळू. लायबेरियात २००३ च्या अक्रा शांतता करारानंतर संयुक्त राष्ट्रांचे सुमारे १५,००० सैनिक आले. या मोहिमेशी आपला थेट संबंध आहे. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभरावर महिला मन्रोव्हियात उतरल्या. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली ही पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी. रात्रीची गस्त, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पहारा, दंगलीचा बंदोबस्त ही कामे त्या आणि दर वर्षी त्यांची जागा घेणाऱ्या महिला फेब्रुवारी २०१६ पर्यंत करत होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यांनुसार या काळात लायबेरियाच्या सुरक्षा दलांतले महिलांचे प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेले. ही वाढ एकट्या तुकडीमुळे झाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ यांचे सरकारही त्यासाठी झटत होते. पण बलात्काराची तक्रार घेऊन ठाण्यात येणाऱ्या मुलीला समोर गणवेशातली बाई दिसणे, ही कायदा आपलाही आहे असे वाटण्याची पहिली पायरी असते.

त्या पुढच्या पायऱ्या मात्र कच्च्या राहिल्या. २००८ मध्ये लैंगिक अत्याचारांच्या खटल्यांसाठी मन्रोव्हियात खास न्यायालय निघाले, तरी खटले तुंबतच गेले. राजधानीच्या तुरुंगात निकालाची वाट पाहणारे कच्चे कैदी खच्चून भरलेले. राजधानीबाहेर पोलीस, न्यायालय आणि सरकारी वकील एकत्र आणायची पाच केंद्रे आखली होती. पहिले २०१३ मध्ये ग्बारंगाला उघडले. कधीकाळी टेलरचे मुख्यालय तिथेच होते. इमारती परक्या मदतीतून झाल्या. इंधन, पगार, दुरुस्ती यांचा भार गरीब सरकारच्या अंदाजपत्रकावर पडला. देणगीदार इमारतीचे उद्घाटन करतात, डिझेलचे बिल कोणी मागे वळून पाहत नाही. या सगळ्या व्यवहारातली माझी मुख्य तक्रार हीच आहे.

कारण खेड्यातला माणूस न्यायालयात जातच नाही. तो जातो मुखियाकडे, वडीलधाऱ्यांकडे. तिथला न्याय जवळचा आणि स्वस्त, पण बाईने पुरुषावर दावा लावला की पारडे झुकते. संशयिताला झाडाच्या सालीचे विष पाजून खरेखोटे ठरवण्याची पद्धत लायबेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१६ मध्येच बेकायदा ठरवली होती. युद्धानंतरही ती सुरूच होती. ही पोकळी ओळखली ती छोट्या उपक्रमांनी. सिएरा लिओनमध्ये २००३ साली सिमियन कोरोमा आणि विवेक मारू यांनी ‘तिमाप फॉर जस्टिस’ सुरू केले. गावातल्याच स्त्री-पुरुषांना कायद्याचे मूलभूत शिक्षण देऊन विधी सहायक म्हणून तयार केले. नवऱ्याने टाकलेल्या बाईला मुलांचा खर्च मिळवून देणे, मुखियाने लावलेला अवाच्या सवा दंड कमी करून घेणे, विनाकारण कोठडीत ठेवलेल्या पोराला सोडवणे, अशी त्यांची कामे. आधी समजुतीने, नाही जमले तर मागे वकील उभा. देशात वकील मूठभर, तेही बहुतेक राजधानीत, म्हणून ही रचना चालली. २०१२ च्या कायदेविषयक मदतीच्या कायद्याने या सहायकांना मान्यता दिली. परक्यांचा पैसा, स्थानिक माणसे आणि शेवटी देशाच्या स्वतःच्या कायद्यात जागा: मदतीचा याहून चांगला प्रवास मला ठाऊक नाही.

लायबेरियाच्या युद्धाचा हिशेब मात्र अजून परदेशातच मांडला जातो आहे. २०२१ मध्ये अलियू कोसिया या बंडखोर कमांडरला स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने २० वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी फिनलंडचे न्यायाधीश दुसऱ्या एका खटल्यातल्या साक्षी ऐकायला थेट लायबेरियात येऊन बसले. पुढे तो आरोपी निर्दोष सुटला, पण साक्षीदारांना त्यांच्याच देशात आपले म्हणणे मांडता आले. मे २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई यांनी युद्धगुन्हे आणि आर्थिक गुन्ह्यांच्या न्यायालयासाठी कार्यालय स्थापण्याचा आदेश काढला. लायबेरियाच्या सत्यशोधन आयोगाने अशा न्यायालयाची शिफारस २००९ मध्येच केली होती. दरम्यान साक्षीदार म्हातारे होत आहेत. हे न्यायालय झालेच, तर त्याच्या पैशांचा थोडा भाग आधीच वेगळा काढून गावपातळीवरच्या विधी सहायकांच्या पगारासाठी राखावा, आणि सुनावण्या मन्रोव्हियाबाहेर लोफा आणि निम्बा या परगण्यांमध्येही घ्याव्यात. फिनलंडहून येऊन देशात बसणे न्यायाधीशांना जमले, तर राजधानीतून तिथवर जाणे देशाच्या न्यायाधीशांना जमायला हवे.