धंद्याचा कागद वेगळा, जागेचा कागद वेगळा

आज आपण गटाच्या सामानाबद्दल बोलू या. कर्ज मंजूर होतं, मशीन येतं आणि मग प्रश्न पडतो, ते ठेवायचं कुठे? धायरीत गाळ्याचं भाडं गटाला परवडत नाही. मग कोणाच्या पडवीत कांडप यंत्र जातं, कोणाच्या जिन्याखाली केटरिंगची पातेली, तर कोणाच्या अंगणात पत्र्याची शेड उभी राहते. “शॉप ॲक्ट काढलाय, उद्यम नोंदणीही आहे, आता कोण काय म्हणणार?” असं बैठकीत आम्हाला नेहमी ऐकायला मिळतं. गफलत होते ती इथेच.

शॉप ॲक्ट, उद्यम, अन्न नोंदणी हे धंद्याचे कागद आहेत. धंदा कोण करतं आणि कोणता करतं, एवढंच ते सांगतात. तो धंदा त्या जागेत चालेल का, हे जागेचा झोन आणि इमारतीचा मंजूर नकाशा यांवरून ठरतं.

आपल्याकडे गोंधळ वाढायला आणखी एक कारण आहे. धायरीचा काही भाग आधीच पुणे महापालिकेत होता, उरलेला भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावांबरोबर आला. त्यामुळे अनेकींकडे ग्रामपंचायतीचे जुने दाखले आहेत. ते जपून ठेवा, जुना वापर दाखवायला उपयोगी पडतात. पण आज नवीन शेड बांधायची किंवा खोलीचा वापर बदलायचा, तर परवानगी महापालिकेकडूनच घ्यायची.

आता घरात काय चालतं ते पाहू. राज्याची विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्यात राहत्या भागात घरगुती उद्योगाला जागा दिली आहे. शिवणकाम, भरतकाम यांसारखी कामं घरातल्या माणसांनी, पगारी मजूर न लावता केली तर चालतात. मोटर असेल तर एकूण भार एक हॉर्सपॉवरच्या आत हवा. ‘एकूण’ हा शब्द लक्षात ठेवा. घरघंटी एकटीच साधारण एक हॉर्सपॉवरची असते. तिच्या शेजारी कांडप यंत्र लावलं की मर्यादा ओलांडली. आणि नियमात ‘घरातली माणसं’ म्हटलंय. गटाच्या दहा जणी रोज एका घरी जमून काम करणार असतील, तर या सवलतीवर विसंबू नका.

सामान साठवण्याचा प्रश्न याहून वेगळा. शिलाई मशीन घरात असणं निराळं आणि राहत्या खोलीचं गोदाम करणं निराळं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ प्रमाणे इमारतीच्या वापरात मोठा बदल करणं हेही ‘विकास’ यातच मोडतं आणि त्याला आधी परवानगी लागते. इमारतीच्या बाजूची मोकळी जागा, जिना, पार्किंग यांत सामान ठेवणं तर कुठेच चालत नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी संमतीही घ्या.

गॅसचं खास सांगतो. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो. परवाना नसताना एका ठिकाणी १०० किलोपेक्षा जास्त गॅस ठेवता येत नाही. म्हणजे पाच सिलिंडर झाले की थांबायचं. आणि हे झालं कायद्याचं, घरात लेकरं झोपत असतील तर पाचही जास्तच.

हे नियम कशासाठी, ते चिखलीच्या घटनेवरून कळतं. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे तिथल्या पूर्णानगरमध्ये हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली आणि दुकानातच राहणाऱ्या कुटुंबातले चौघे गेले. जिथे माल तिथेच अंथरूण असलं आणि बाहेर पडायची वाट अडली, की सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली तर लगेच शत्रू समजू नका. त्यांचीही मुलं त्याच जिन्यावरून जातात.

मग करायचं काय? मशीनचं कोटेशन घेण्याआधी ही कामं करा:

१. घरमालकीण सभासदाकडून मिळकतकराची पावती आणि मंजूर नकाशाची प्रत घ्या. जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी संमती घ्या.
२. महापालिकेच्या बांधकाम विभागातून झोन दाखला काढा.
३. मोटरची पाटी वाचून सगळ्या यंत्रांचे हॉर्सपॉवर एकत्र मांडा.
४. ज्वलनशील किंवा धोक्याचा माल असेल तर परवाना विभागात साठा परवान्याची चौकशी करा.
५. वीजबिल आणि मिळकतकर निवासी दराने राहील का, हे आधीच विचारा. वापर बदलला की दरही बदलू शकतो आणि तो खर्च हिशेबात धरावा लागतो.

अर्ज नेहमी लेखी द्या, पोच घ्या आणि पोच गटाच्या फायलीत लावा. तोंडी ‘चालतंय की’ म्हणणारा माणूस नोटिशीच्या वेळी सोबत नसतो.

नोटीस आलीच तर ती दडवून ठेवू नका. तिच्यावरची मुदत पाहा. मुदतीच्या आत वापर कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो, तशी तरतूद त्याच १९६६ च्या कायद्यात आहे. मुदत निघून गेली की ही वाट अवघड होते.

ताईंनो, यंत्र गटाचं, कर्जही गटाचं. पण घर एकीचं असतं आणि नोटीस तिच्या दारावर लागते. तेव्हा सामान कुठे ठेवायचं याचा ठराव सगळ्यांच्या सह्यांनी करा आणि कागदांचा खर्च गटाच्या खात्यातून द्या. पुढच्या बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या.