पाणी मोजायचे कोणत्या एककात?

राहुरीजवळच्या मुळा धरणाची साठवणक्षमता २६ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. एवढ्या आकड्याने शहरी वाचकाला फारसा बोध होत नाही. गुंठ्याच्या हिशेबाने मात्र तो उलगडतो. गुंठा ३३ फूट लांब व तितकाच रुंद, आणि ४० गुंठ्यांचा एकर. म्हणजे एक टीएमसी पाणी सुमारे २३ हजार एकरांवर फूटभर उभे राहील. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, तरी धरणांच्या बातम्यांत फूट टिकून आहे, तो बहुधा या सोयीमुळेच.

अर्थकारणात मात्र एककाची निवड इतकी निरुपद्रवी नसते. कालव्याच्या पाण्याची आकारणी परंपरेने पीक, हंगाम आणि हेक्टर यांवर होत आली. त्यामुळे उसाला मोजके पाणी देणारा आणि रात्रभर पाट मोकळा सोडणारा, दोघांची पाणीपट्टी सारखीच. महाराष्ट्रात २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद केली. हेक्टरच्या जागी घनमीटर आला, की वाचवलेल्या पाण्याला किंमत येते. अर्थात, त्यासाठी चारीवर मोजणीची व्यवस्था हवी आणि ती चालूही राहायला हवी.