ओळखा पाहू, ब्रेक कुठे आहे!

असं होतं का कधी? उद्या गणिताचा पेपर. इतिहासाची वही अपुरी. धाकट्या भावाने कंपासपेटी पळवलेली. आणि खाली गल्लीत ढोल-ताशाची तालीम सुरू! घर मुंबईत लालबागला असेल, तर हे सगळं हमखास एकाच संध्याकाळी येतं. डोकं भणभणतं. छातीत धडधडतं. वाटतं, आता एक तर ओरडायचं, नाहीतर रडायचं!

थांबा, ओरडू नका. (रडलात तरी चालेल. का, ते पुढे सांगते.)

आधी एक गंमत करू. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवा, अंगठ्याच्या मुळाशी. सापडली नाडी? आता नाकाने सावकाश श्वास घ्या. मग त्याहून सावकाश सोडा. पुन्हा एकदा. बोटांकडे लक्ष हं!

काही कळलं? श्वास घेताना टक-टक-टक असे ठोके जरा घाईत पडतात. सोडताना मात्र टक... टक... टक... असे रेंगाळतात! पहिल्या खेपेला नाही कळलं तर पुन्हा करा. कोणी मार्क देत नाहीये.

म्हणजे बघा, आपलं हृदय घड्याळासारखं एका चालीने चालतच नाही! प्रत्येक श्वासाबरोबर ते थोडं पळतं, थोडं रमतं, पुन्हा पळतं. आणि ही गंमत कोणात जास्त दिसते माहितेय? मुलांमध्ये! वय वाढतं तशी ती कमी कमी होत जाते. एक तरी गोष्ट आहे जी मोठ्यांपेक्षा तुम्हाला जास्त चांगली जमते!

पण हे होतं कसं?

एक कोडं घालते. तुमच्या मावशीचं हृदय अगदी मोकळं सोडलं, तर नुसतं बसल्या बसल्या ते मिनिटाला १०० च्या आसपास ठोके मारेल. पण मावशीची नाडी मोजली तर भरते सत्तर, पंचाहत्तर. मग बाकीचे ठोके गेले कुठे?

कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसलंय!

बेस्टची बस परळच्या गर्दीतून कशी जाते ते आठवा. ड्रायव्हरकाकांचा पाय सारखा ब्रेकवर. जरा दाबला, जरा सोडला, पुन्हा दाबला. तुमच्या शरीरात हे काम व्हेगस नावाचा मज्जातंतू करतो. मज्जातंतू म्हणजे मेंदूचे निरोप नेणारी-आणणारी तार. ही तार मेंदूच्या तळातून निघते, मानेतून खाली उतरते आणि हृदयाला, फुप्फुसांना, थेट पोटापर्यंत जाऊन भेटते. एवढी लांब!

तुम्ही श्वास घेता, तेव्हा ब्रेक थोडा सैल होतो. श्वास सोडता, तेव्हा तो दाबला जातो. रोज, दिवसरात्र, झोपेतसुद्धा!

भीती वाटली की मेंदू म्हणतो, 'पळा!' आणि ब्रेक सुटतो. मागे वाघ लागला असेल तर ते बरंच आहे. पण मागे लागलंय पायथागोरसचं प्रमेय! त्याच्यापासून पळून जाणार कुठे?

बरं, हृदयाला हुकूम देऊन बघा. 'ए हृदया, हळू चाल!' ऐकतं का ते? छे! पण श्वास तुमचं ऐकतो. आणि हृदय श्वासाचं ऐकतं. झाली ना ओळख मधल्या माणसाशी!

आता या तारेची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात ऑटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ राहत. सुमारे १०० वर्षांपूर्वी एका रात्री त्यांना झोपेत एक भन्नाट प्रयोग सुचला. अर्धवट जागे होऊन त्यांनी तो कागदाच्या चिटोऱ्यावर खरडला आणि पुन्हा झोपले. सकाळी उठून बघतात तर काय? स्वतःचंच अक्षर लागेना! (तुमच्या वहीला नावं ठेवणाऱ्यांना ही गोष्ट जरूर ऐकवा.) पण नशीब बघा! दुसऱ्या रात्री तीन वाजता तोच प्रयोग पुन्हा मनात आला. या वेळी ते झोपले नाहीत. तडक प्रयोगशाळेत गेले!

त्यांनी बेडकांची दोन हृदयं घेतली. हृदय बाहेर काढलं, तरी योग्य पाण्यात ते काही वेळ धडधडत राहतं. पहिल्या हृदयाची व्हेगस तार त्यांनी विजेने छेडली. ते मंदावलं. मग त्याच्यातलं पाणी दुसऱ्या हृदयात घातलं. त्याची तार तर कोणी छेडलीच नव्हती. तरी तेही मंदावलं! म्हणजे तारेच्या टोकातून काहीतरी रस पाझरत होता. त्याचं नाव ॲसिटिलकोलीन. या शोधासाठी लोवींना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आणि अगदी आत्ता, हे वाचताना, तुम्ही श्वास सोडलात ना? तोच रस तुमच्या हृदयावर थेंबभर सांडला!

ग्राट्स लांब राहिलं. गिरगाव चौपाटीवर येऊ. तिथून मरीन ड्राइव्हवर गेलं की जवळच कैवल्यधाम ही संस्था लागते. तिचं मूळ घर लोणावळ्याला. ते १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी सुरू केलं. त्यांचं आधीचं नाव जगन्नाथ गणेश गुणे. 'योग चांगला असतो' एवढं म्हणून गप्प बसणारे ते नव्हते. चांगला म्हणजे किती? शरीरात नेमकं होतं काय? मोजून बघू! म्हणून त्यांनी योग करणाऱ्यांना चक्क क्ष-किरणांच्या यंत्रासमोर उभं केलं! त्या काळात हे ऐकून लोकांच्या भुवया वर गेल्या असतील. मला त्यांची ही खोड फार आवडते. आणि प्राणायामाची किल्ली काय? श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा.

करून बघायचंय? मनात तीनपर्यंत मोजत नाकाने श्वास घ्या. सहापर्यंत मोजत सोडा. आठ-दहा वेळा पुरे. जोर लावू नका. गरगरलं तर लगेच थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

मोजायचा कंटाळा येतो? मग गा!

गिरगावात केशवजी नाईकांची चाळ आहे. १८९३ पासून तिथे सार्वजनिक गणेशोत्सव होतो. आरतीला अख्खी चाळ उभी राहते. लांब ओळ ओढता ओढता श्वास संपत येतो, चेहरे लाल होतात, मग सगळे एकदम भसकन श्वास घेतात आणि पुढची ओळ धरतात. अहो, हा तर लांब श्वास सोडायचा व्यायामच झाला! तोही टाळ वाजवत, आणि शेवटी मोदक! स्वीडनमध्ये २०१३ साली काही तरुण गायकांची हृदयं गाताना तपासली. सगळे एकच गाणं गात होते, तर त्यांच्या हृदयांचा वेगही बरोबरीने वाढत होता आणि बरोबरीने उतरत होता! आरतीत तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या जोशीकाकूंचं हृदय तुमच्या हृदयाच्या तालावर... कल्पना करा!

गाता येत नाही? मग हसा. हसणं म्हणजे तरी काय? बाहेर जाणाऱ्या श्वासाचे तुकडे! हा, हा, हा! १९९५ साली मुंबईतल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांचा हास्य क्लब सुरू केला. रोज सगळे विनोद सांगत. काही दिवसांतच विनोद संपले! मग काय, विनोदाशिवायच हसायला लागले. आधी खोटं खोटं, मग एकमेकांचे चेहरे बघून खरं खरं. इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी तर हसून झालेल्या माणसांच्या हातावर गारेगार पट्टा गुंडाळला आणि विचारलं, किती वेळ सोसवतं? सगळ्यांबरोबर खदखदून हसलेल्यांना जास्त वेळ सोसवलं!

आता रडण्याचं. खूप रडून झाल्यावर काय होतं? हुं-हुं असे दोन श्वास आत, आणि मग एक लांबलचक उसासा बाहेर. हे काही उगाच नाही! मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत जवळपास ५० कोटी इवले इवले फुगे असतात. त्यातले काही मधूनच मिटतात. उसासा आला की ते पुन्हा फुगतात. म्हणून दर पाचेक मिनिटांनी तुम्ही नकळत एक उसासा सोडता. दुःख नसलं तरी! अमेरिकेत २०२३ साली काही लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं असे मुद्दाम उसासे सोडले. त्यांची मनं नुसतं ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त प्रसन्न झाली. तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'रडतोस काय, रडतेस काय' म्हणालं, तर शांतपणे सांगा, 'मी फुगे फुगवतेय.'

फुगे म्हटल्यावर आठवलं. चौपाटीवर साबणाचे फुगे विकणारे काका असतात ना? जोरात फुंकलं की फुगा फट्! हळू, लांब फुंकलं तर मोठ्ठा होतो, डुलतो. श्वास कसा सोडायचा हे शिकवायला याहून चांगला मास्तर नाही.

एक मात्र खरं. श्वासाने प्रमेय सुटत नाही, ते तुम्हालाच सोडवायचंय. डोकं थंड झालं की जरा सोपं वाटतं, इतकंच. आणि मन सलग बरेच दिवस जड असेल, जेवण-झोप-खेळ काहीच नकोसं वाटत असेल, तर आई-बाबांना, आजीला, आवडत्या बाईंना सांगा. १०९८ हा मुलांचाच मदतीचा नंबर आहे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ आहे. फोन फुकट लागतो.

बरं, आजच्या आज एक काम करा. आजोबांना खुर्चीत बसवा. एक हात त्यांच्या नाडीवर. 'सावकाश श्वास घ्या, सोडा' असं सांगा आणि ठोके ऐका. मग स्वतःची नाडी बघा. श्वास सोडताना कोणाचे ठोके जास्त रेंगाळतात? आजोबा कुरकुरले तर सांगा, विज्ञानाचा गृहपाठ आहे!