घुबडाची मान कुणी शोधली?

‘घुबडाची मान किती फिरते?’ असं सर्च करून बघा बरं. पापणी लवायच्या आत उत्तर हजर : सुमारे २७० अंश! म्हणजे घुबड उजवीकडे वळायला लागलं, तर पाठीवरून फिरून थेट डावीकडे बघू शकतं.

पण मला त्याहून नवल वाटतं ते उत्तर येण्याच्या वेगाचं. जगात अब्जावधी वेबपानं आहेत. एवढ्या वेळात ती चाळली तरी कुणी?

कुणीच नाही! तुम्ही प्रश्न विचारलात तेव्हा कुणी इंटरनेटभर धावत सुटलं नाही. ती पानं आधीच वाचून झाली होती.

थांबा, त्याआधी एक घोळ निस्तरू. पुष्कळ जण, अगदी मोठी माणसंसुद्धा, ब्राउझर आणि सर्च इंजिन एकच समजतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी हे ब्राउझर. ते आपल्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये असतात. गूगल, बिंग, डकडकगो ही सर्च इंजिनं. त्यांचे कॉम्प्युटर कुठेतरी लांब मोठमोठ्या इमारतींत चालू असतात. शोधून देतं ते सर्च इंजिन. पान मागवून पडद्यावर मांडतो तो ब्राउझर. आणि पान काही सजून-धजून येत नाही हं! येतो तो मजकूर आणि त्यात पेरलेल्या सूचना : ही अक्षरं ठळक कर, इथे चित्र लाव, हा शब्द दाबला की अमुक पान उघड. कॉम्प्युटरवर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एखादं पान उघडा आणि कंट्रोल व यू ही बटणं एकदम दाबा. सूचनांची ती गिचमिड बघून थक्क व्हाल.

पहिला ब्राउझर १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेत तयार केला. गूगल कंपनी निघाली १९९८ साली. मधल्या काळात लोक पानं शोधायचे कशी? सुरुवातीला वेबवरचे सर्व्हर, म्हणजे पानं पुरवणारे कॉम्प्युटर, इतके थोडे होते, की त्यांची यादी टिम स्वतःच ठेवायचे. पानं वाढली, याद्या पुरेनात. मग पानं वाचत हिंडणारे प्रोग्रॅम आले. त्यांना म्हणतात क्रॉलर.

क्रॉलर एक पान वाचतो, त्यातल्या लिंक टिपतो, त्या धरून पुढच्या पानांवर जातो. तिथे पुन्हा तेच. रात्र नाही, दिवस नाही. ज्या पानाकडे कुठूनच लिंक जात नाही, ते त्याला सापडणं कठीण. वाचलेल्या पानांची मग सूची होते, जाडजूड पुस्तकाच्या शेवटी असते तशी : कुठला शब्द कुठल्या पानांवर आहे. तुमचा प्रश्न आला की ‘घुबड’ची यादी काढायची, ‘मान’ची काढायची आणि दोन्हींत असलेली पानं निवडायची.

खरी कसोटी लागते ती मराठीत. तुम्ही लिहिता ‘घुबडाची’, पानावर असतं ‘घुबडाला’ नाहीतर ‘घुबडांच्या’. व्याकरणाच्या तासाला सामान्यरूप शिकता ना, तेच हे. विहीर, पण विहिरीत. घोडा, पण घोड्यावर. आपल्याला हे बोलता बोलता येतं. यंत्राला शिकवावं लागतं. शिवाय ‘मान’ म्हणजे गळ्यामागची की मानसन्मानातला? शेजारी घुबड आहे, म्हणून गळ्यामागची! यंत्रांना मराठी शिकवणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

बरं, हजारो पानं सापडली, तर वर कुठलं दाखवायचं? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांना एक सुरेख कल्पना सुचली. ज्या पानाकडे पुष्कळ पानं लिंक देतात, ते महत्त्वाचं. आणि लिंक देणारं पान स्वतः महत्त्वाचं असेल, तर त्या लिंकचं वजन जास्त. आता क्रम लावताना आणखी पुष्कळ गोष्टी पाहतात. पण नुसत्या लिंक मोजून पानावरची माहिती खरी की खोटी, हे काही कळत नाही. शिवाय काही पानं पैसे भरून वर आलेली असतात. त्यांच्यापाशी ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं, तेवढं नीट बघत जा.

आता एक प्रयोग करा. ‘घुबड मान’ एवढे दोनच शब्द टाका, मग पूर्ण प्रश्न टाका, मग तोच प्रश्न दुसऱ्या सर्च इंजिनला विचारा. प्रत्येक वेळी आलेली पहिली पाच पानं वहीत लिहा. कुठलं पान तिन्ही याद्यांत आलं, कुठलं एकदाच, ते ताडून बघा. आणि तसं का झालं असेल, यावर मित्रमैत्रिणींशी जरा वाद घाला!